उंबरा नसलेलं दुकान

दुकान म्हटलं की आपल्याकडे काही गोष्टी गृहीत असतात. वर पाटी, आत गल्ला, गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर आणि नारळ फोडायला उंबरा. मुहूर्ताला शेजारचे चार दुकानदार येतात, पेढा तोंडात टाकतात आणि बाहेर पडताना एकमेकांना हळूच विचारतात, ‘चालेल का हो?’ आमच्या मिरजेत २०२१ च्या जूनमध्ये माझ्या भाच्याने जे दुकान काढलं त्यात यातलं काहीच नव्हतं. ब्राह्मणपुरीतल्या घराच्या माडीवरची एक खोली, एक टेबल, दोन संगणक आणि एक इन्व्हर्टर. नारळ फोडायचा कुठे, हा प्रश्न माझ्या बहिणीला खरोखरच पडला होता. इन्व्हर्टरपाशी नको, पाणी उडेल, असं चिरंजीव म्हणाले. शेवटी जिन्याच्या पहिल्या पायरीवर फोडला.

धंदा कसला, तर गावातल्या लोकांना वेबसाइट करून द्यायची आणि ती चालू ठेवायची. करून देण्यापेक्षा चालू ठेवणं हाच खरा धंदा, हे मला पुढे कळलं. पण ते नंतर.

बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिकला, पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत लागला, आता तिला सुनेचे वेध लागले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात तो लॅपटॉप घेऊन मिरजेला आला आणि वर्षभर माडीवर बसून पुण्याची नोकरी करत राहिला. कंपनी आज ना उद्या परत बोलावणार हे दिसत होतं. त्याआधीच त्याने राजीनामा दिला. बहिणीचा मला फोन आला, ‘दादा, तू आयुष्यभर लोकांच्या धंद्याचे कागद तपासलेस. याचे एकदा बघ. आणि चालणार नसेल तर तोंडावर सांग त्याला. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.’

कागद बघणं हा माझा ३६ वर्षांचा व्यवसाय. कादंबऱ्या मी रात्री लिहिल्या. दिवसा कर्जप्रकरणांवर शेरे लिहिले. खरं सांगायचं तर माणसांची ओळख मला त्या दुसऱ्या लिखाणातून जास्त झाली. २ ऑक्टोबर १९९३ ला प्रधानमंत्री रोजगार योजना सुरू झाली तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी होतो. सुशिक्षित बेकारांना धंद्यासाठी एक लाखापर्यंत कर्ज. टेबलावर प्रकरणांचा ढीग आणि त्यातली निम्मी एकाच धंद्याची : एसटीडी-पीसीओ. पिवळी पाटी, काचेची खोली आणि आकडे पळवणारं मीटर. ते मीटर पळायला लागलं की आत बोलणाऱ्याची वाक्यं आपोआप लहान होत. पुढे मोबाइल आला आणि बूथ ओस पडले. मग २००० च्या आगेमागे सायबर कॅफेची लाट आली. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक संगणक आणि दारात चपलांचा ढीग. संगणक हे तारण म्हणून किती कुचकामी असतं ते त्या काळात दिसलं. म्हैस म्हातारी व्हायला दहा वर्षं लागतात, संगणक तीन वर्षांत थकतो आणि दूध तर देतच नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, स्वस्त इंटरनेट ज्याच्या त्याच्या खिशात गेलं आणि उरलेसुरले कॅफे झेरॉक्स नि ऑनलाइन फॉर्म भरून देण्यावर आले.

म्हणून भाच्याचे कागद हातात घेताना मनात एकच प्रश्न होता. हा तिसरा बूथ तर नव्हे?

तो आधीच एका बँकेत जाऊन आला होता. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे. त्यातल्या ‘किशोर’ गटात ५० हजारांच्या पुढे ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तेही तारणाशिवाय. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने त्याच्याकडे स्टॉक स्टेटमेंट मागितलं. भाचा म्हणाला, ‘माझ्याकडे स्टॉक नाही.’ ‘मग विकता काय?’ ‘काम.’ ‘काम ठेवता कुठे?’ यावर भाच्याला उत्तर सुचेना. त्या अधिकाऱ्याला मी हसणार नाही. समोरच्या फॉर्मात साठ्याचा रकाना होता, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही हे बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात.

मी दोन रात्री कागद पाहिले आणि सांगितलं, कर्ज घेऊ नकोस. जन्मभर कर्ज वाटलेल्या मामाच्या तोंडून हे ऐकून तो बघतच राहिला. पण हिशेब साधा होता. संगणक होते. वेबसाइट ज्या मोठ्या यंत्रावर ठेवायच्या तो सर्व्हर काही आपण विकत घेत नाही, मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधली जागा महिन्याच्या भाड्याने मिळते. पैसा लागणार होता तो यंत्रांना नव्हे, धंदा अंग धरेपर्यंत दोन वेळच्या जेवणाला. आणि जेवणासाठी कर्ज काढू नये. त्याच्या शिलकीत चार लाख रुपये होते. त्याचे आम्ही चोवीस भाग केले, महिन्याला एक. चोवीस महिन्यांत उभा राहिलास तर राहिलास, नाहीतर हिंजवडीचा रस्ता काही पुसला जात नाही. पुण्यात हाच खेळ मांडला असता तर त्या चार लाखांतले निम्मे घरमालकाच्या घशात गेले असते. आपल्या गावात धंदा काढण्याचा हा पहिला फायदा. छप्पर बापाचं असतं आणि आमटी आईची.

आता वाचकांपैकी माझ्या वयाच्या मंडळींसाठी थोडं खुलासेवार सांगतो, कारण मलाही ते असंच समजावून घ्यावं लागलं. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. तेव्हापासून आजवर वेबसाइटचे भाग दोनच. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. जागा हा भाड्याचा गाळा. नावाला लोक विकत घेतलेला प्लॉट समजतात, पण तोही भाडेपट्टाच असतो. वर्षाला हजाराच्या आसपास रुपये भरायचे आणि पट्टा पुढे चालवायचा. ‘डॉट कॉम’चं नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, कायमचं कुणालाच मिळत नाही. २०१४ पासून तर ‘डॉट भारत’ असं देवनागरीतलं नावही मिळतं, पण बोर्डावर मराठीचा आग्रह धरणारे आमचे व्यापारी इथे मात्र इंग्रजीच मागतात.

पट्टा चुकला की काय होतं हे बँकवाल्याला लगेच कळेल, कारण ते सोनेतारणाच्या लिलावासारखं आहे. मुदतीच्या सुमारे महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत टळल्यावर पाच दिवसांत तिसरी. नोंदणी करणारी कंपनी नाव काही काळ, फार तर ४५ दिवस, सांभाळून ठेवू शकते. मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं. मग पाच दिवस कुलूप. आणि त्यानंतर ते नाव रस्त्यावर. जो आधी हात घालील त्याचं. फरक एवढाच की सोनेतारणाची नोटीस पोस्टमन घरी आणून देतो, ही नोटीस ई-मेलने जाते. आणि ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता कुणाचा, यातच सगळं आहे.

भाच्याचं पहिलं मोठं काम याच भानगडीतून आलं. मिरजेची सतारमेकर गल्ली ठाऊक नसलेला गाणाऱ्या घरातला माणूस विरळा. एकोणिसाव्या शतकापासून इथे तंबोरे आणि सतारी होतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वर्षानुवर्षं माळ्यावर वाळतात आणि मग कुणाच्या तरी मांडीवर जाऊन बसतात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथलेच झाले, १९३७ साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं. तर या गल्लीतल्या एका कारागिराने २०१० च्या सुमारास बाहेरगावच्या कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली होती. परदेशातले विद्यार्थी त्यावरून पत्रं पाठवत, तंबोरे मागवत. वर्षाची ऑर्डर बरी असे. करून देणाऱ्याने नाव स्वतःच्याच नावावर नोंदवलं, ई-मेलही स्वतःचाच दिला. काही वर्षांनी त्याने धंदा गुंडाळला. सूचना आल्या, त्या बंद पडलेल्या टपालपेटीत पडल्या. एक दिवस अमेरिकेतल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, तुम्ही धंदा बदललात का? त्या नावावर भलतंच काहीतरी दिसत होतं.

कारागीर भाच्याकडे आला तेव्हा नाव परत मिळायची वेळ टळून गेली होती. ज्याच्या हातात गेलं त्याने सोडायची जी रक्कम सांगितली तेवढ्यात चार तंबोरे झाले असते. नवं नाव घेतलं. जुन्या पावत्यांच्या पुस्तकांतून गिऱ्हाइकांचे पत्ते शोधले आणि एकेकाला कळवलं. पावती-पुस्तकं जपून ठेवली होती म्हणून निभावलं. हा धडा इंटरनेटचा नाही, रोकडवहीचा आहे.

पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच. तंबोऱ्याचे फोटो कितीही काढले तरी सगळे सारखेच दिसतात. तंबोरा डोळ्यांनी घ्यायचा नसतोच. घोडीवर कानस फिरवून जवारी काढतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, आणि मग एका क्षणी तार उघडते. ते कानाला कळतं. भाचा फोन आणि एक बरासा माइक घेऊन गल्लीत जाऊन बसला. तयार असलेल्या प्रत्येक तंबोऱ्याचा दोन-दोन मिनिटांचा आवाज मुद्रित केला. भोपळ्यावर आतून नंबर, तोच नंबर वेबसाइटवर, त्यापुढे तोच आवाज. टोरांटोतली बाई नंबर ऐकून तंबोरा निवडते. समोरच्या गल्लीत मुद्रणाच्या वेळी रिक्षा वाजली की म्हातारा कारागीर हात वर करून सांगतो, ‘थांब, पुन्हा.’ हे काम पुण्या-मुंबईत बसून करता आलं नसतं असं नाही. पण कुणी केलं नसतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीतल्या आणखी दोघांनी माडी चढली.

या प्रकरणावरून भाच्याने एक नियम केला. नाव गिऱ्हाइकाच्याच नावावर, ई-मेल आणि फोन गिऱ्हाइकाचा, चावीही त्याच्याकडे. उद्या त्याला माझ्याकडून उठून दुसऱ्याकडे जायचं असेल तर त्याने जावं. या धंद्यात असे नियम सगळे पाळत नाहीत, उलट नाव आपल्या हातात ठेवलं की गिऱ्हाईक आपल्या खुंट्याला, असा अनेकांचा हिशेब असतो. मी त्याला मुद्दाम विचारलं, ‘अरे, मग तुझ्या हातात काय उरलं?’ तो म्हणाला, ‘मामा, गाव उरलं.’ तेव्हा मला ते वाक्य जरा नाटकी वाटलं होतं. पण जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा फुगली, २०१९ नंतर दोनच वर्षांनी सांगलीची गणपती पेठ पाण्यात गेली, आणि पाणी ओसरल्यावर दोन व्यापारी चिखलाने भरलेले संगणक घेऊन याच्याकडे आले. त्यांच्या वेबसाइट दुसऱ्याच कुणी केलेल्या होत्या. पण तो ‘कुणी’ फोन उचलत नव्हता, आणि याचं घर सांगलीहून पाऊण तासाच्या आत होतं.

वेबसाइट सगळ्यांना लागते असं मात्र नाही, आणि हे तो गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. एक मिठाईवाले आले होते. भाचा म्हणाला, ‘काका, तुमचं गिऱ्हाईक या चौकात आहे. ते तुमच्या भट्टीचा वास घेत येतं. तुम्ही व्हॉट्सॲपवर दिवाळीचे भाव टाका आणि गूगलच्या नकाशावर दुकानाची जागा नीट दाखवा. ते मी चहाच्या कपावर करून देतो.’ बहीण आतून ऐकत होती. ‘आलेली लक्ष्मी परत पाठवतोय,’ असं तिने मला संध्याकाळी सांगितलं. मिठाईवाल्यांनी त्यानंतर तीन गिऱ्हाइकं पाठवली, पण ते जाऊ द्या. त्यांनी एकही पाठवलं नसतं तरी सल्ला बरोबरच होता.

‘फुकट मिळतं की!’ हे दुसरं टोक. फुकटचं असतंही. याहूने जिओसिटीज फुकट दिली आणि २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं. गूगलच्या दुकान-नोंदीबरोबर एक छोटी वेबसाइट फुकट मिळत असे, ती सोय मार्च २०२४ मध्ये थांबली. आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी व्हिजिटिंग कार्डांवर तोच पत्ता छापून घेतला होता. कार्डं तशीच राहिली. फुकटच्या जागेत राहणाऱ्याला नोटीस द्यावी लागत नाही, हे भाडेकायदा न वाचताही कळतं.

मिरजेत दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे दवाखाने. बेळगाव, विजापूर, बागलकोटहून रुग्ण इथे येतात ते काही आजचं नाही. तेव्हा वेबसाइट मराठीत हवी, इंग्रजीत हवी आणि कानडीतही हवी. यासाठी भाच्याने सीमेकडच्या एका गावातली मुलगी कामाला घेतली, घरी कानडी बोलणारी आणि मराठी शाळेत शिकलेली. डॉक्टर मंडळींना कधीकधी ‘जिल्ह्यातील सर्वोत्तम’ वगैरे लिहून हवं असतं. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू नये असा २००२ चा नियम आहे, तो त्यांनाच समजावून सांगायची पाळी हिच्यावर येते. वेळ, पत्ता, कोणते डॉक्टर कोणत्या दिवशी, रिपोर्ट कुठे मिळतील, रात्रीचं औषध दुकान कोणतं, एवढं तीन भाषांत नीट लिहिलं की पुरे. गडहिंग्लजहून आईला घेऊन निघालेल्या माणसाला ‘सर्वोत्तम’ नको असतं, ओपीडी किती वाजता बंद होते ते हवं असतं.

आमच्या भागाला संगणक नवा नाही. जवळच वारणानगर. १९९८ मध्ये तिथे सत्तर गावांत संगणकाची केंद्रं उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला, ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून त्याचा देशभर गाजावाजा झाला. प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः उसाचं वजन आणि बिल बघायला येत. काही वर्षांनी, २००७ च्या सुमारास, काही गावांत प्रयोग करून पाहिला गेला की संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने तेच काम होतं का. झालं, आणि स्वस्तात झालं. मला यात कुणाची फजिती दिसत नाही. उसाचं वजन कळणं ही गरज खरी होती, डबा कोणता हा तपशील. पीसीओचं आणि कॅफेचं तेच झालं. लोकांचं बोलणं बंद झालं नाही, खोली बंद झाली. ज्याने खोलीवर कर्ज काढलं तो बुडाला.

आता वसुलीकडे येतो, कारण माझ्या मते गावातल्या धंद्याचं खरं दुखणं तिथे आहे. वेबसाइट करून देताना पंधरा हजार घेतले की गिऱ्हाईक खूश असतं. समोर काहीतरी दिसतं. पुढच्या वर्षी ‘नाव आणि जागा चालू ठेवायचे पाच हजार’ म्हटलं की चेहरा बदलतो. ‘कशाचे? केलीय ना एकदा?’ जे बंद पडलेलं नाही ते चालू ठेवण्याचे पैसे कोण देतो? आणि मागायचे कुणाकडे, तर ज्यांच्या अंगणात लहानपणी चेंडू गेला म्हणून शिव्या खाल्ल्या त्यांच्याकडे. अनोळखी गावात तुम्ही दुकानदार असता. आपल्या गावात तुम्ही अमक्याचा मुलगा असता आणि अमक्याच्या मुलाला उद्या दिलं तरी चालतं. यूपीआय आल्यापासून पैसे पाठवायला अर्धं मिनिट लागतं, पण ते अर्धं मिनिट यायला सहा महिने लागतात.

पहिल्या वर्षी त्याने बऱ्याच जणांचे पैसे खिशातून भरले. नाव गेलं तर त्यांचं नुकसान, म्हणून. यादीत त्याचे एक जुने गणिताचे सर होते. आता क्लास चालवतात. दोन वर्षं पैसे नाहीत. मी म्हटलं, ‘बंद कर.’ तो म्हणाला, ‘त्यांनी मला फी न घेता शिकवलंय, मामा.’ याला बँकेच्या नियमावलीत उत्तर नाही. मी म्हटलं, ‘मग माफ कर, पण वहीत तसं लिही. थकबाकी म्हणून लिहू नकोस. थकबाकी आणि गुरुदक्षिणा एका खात्यात ठेवलीस तर दोन्ही बुडतील.’ त्याने कागदावर हिशेब मांडला : नावाचे इतके, जागेचे इतके, माझ्या वेळेचे इतके, आणि शेवटी ‘आपणांस माफ’. कागद घेऊन तो सरांकडे गेला. सरांनी चष्मा लावून बेरीज तपासली, एक चूक काढली, ती सत्तर रुपयांची त्यांच्याच विरुद्धची, आणि दोन्ही वर्षांचे पैसे मोजून दिले. म्हणाले, ‘मला वाटायचं हे संगणकात आपोआप चालतं. तू सांगितलं नाहीस.’

सगळे सर नसतात. एका कापड दुकानदाराला साठ दिवस आधी, तीस दिवस आधी, आठ दिवस आधी कळवलं, शेवटी दुकानात जाऊन सांगितलं आणि मग नाव सोडून दिलं. त्याने लग्नकार्यांतून सांगत सुटायला सुरुवात केली की पोरगं पैशाला हपापलंय. गावात धंद्याची जाहिरात फुकट होते आणि बदनामीही. बहीण महिनाभर त्या रस्त्याने मंडईत गेली नाही. पण त्या वर्षापासून पैसे आल्याशिवाय पट्टा पुढे चालवायचा नाही, हा नियम लागू झाला आणि गावाला तो कळला, हेही तितकंच खरं. बँकेत आम्ही ९० दिवस थकलेलं खातं अनुत्पादक धरत असू. भाच्याचा हिशेब कडक आहे, त्याच्याकडे एकही दिवस नाही.

गेल्या मार्चअखेर त्याची वही मी पाहिली. ९४ गिऱ्हाइकं. चालू ठेवण्याचे सुमारे ४ लाख ७० हजार, नव्या कामांचे ३ लाख. मुलीचा पगार आणि जागेचं भाडं वजा जाऊन हातात राहिले ४ लाख ९० हजार. जीएसटी लागण्याची २० लाखांची मर्यादा अजून लांब आहे. हिंजवडीत याहून बरंच जास्त मिळायचं. बहिणीची तक्रार त्यामुळे मिटलेली नाही. आलेली स्थळं पहिल्या फोनमध्ये पगार विचारतात आणि दुसऱ्या फोनमध्ये पुण्यात फ्लॅट आहे का ते विचारतात; तिसरा फोन येत नाही. ‘धंदा चालतो’ आणि ‘मुलगा स्थिर आहे’ यांत आपल्या समाजाने जे अंतर ठेवलंय ते मला नोकरीत असल्यापासून दिसतंय आणि ते कोणत्याही कर्जयोजनेने कमी झालेलं नाही.

शिवाय आता यंत्रच वेबसाइट लिहून देतं. चार वाक्यं सांगितली की पाच मिनिटांत पान तयार. मी काळजीने विचारलं तर तो म्हणाला, ‘बरं झालं. ते पंधरा हजार पुढे कमी होतील. पण रात्री अकराला डॉक्टर फोन करतात तो यंत्राला करत नाहीत.’ खरं असावं. मला मात्र पीसीओवालेही असंच काहीतरी बोलत असत असं अंधुक आठवतं. म्हणून नव्या कामाचे पैसे खर्चात धरायचे नाहीत, घर फक्त चालू कामाच्या पैशांवर चालवायचं, असा आमचा करार आहे.

मला खरी धास्ती वाटली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. त्याला डेंगी झाला. अकरा दिवस इस्पितळात, त्यातले चार फार वाईट. तिसऱ्या दिवशी एका दवाखान्याची वेबसाइट बंद पडली आणि फोन वाजत राहिला. कामाच्या मुलीला सगळं येत होतं, पण सर्व्हरची चावी एकट्या त्याच्या डोक्यात होती, आणि डोकं तापाने फणफणलेलं. प्लेटलेट्सचा आकडा विचारायचा की पासवर्ड, अशी बहिणीची अवस्था. अखेर शुद्धीत असलेल्या एका तासात त्याने तो तिला सांगितला आणि तिने कॅलेंडरवर, गौरीपूजनाच्या चौकोनात, लिहून घेतला.

कर्जप्रकरणात एक प्रश्न असतो, मालकाच्या पश्चात धंदा कोण पाहणार. एकट्याच्या धंद्यात तो रकाना बहुतेकांचा रिकामा असतो. बरा झाल्यावर मी त्याला तो भरायला लावला. दोन लिफाफे केले. एकात ९४ नावांची यादी, कुठलं नाव कुठे नोंदवलंय, पट्टा कधी संपतो, कुणाला फोन करायचा. दुसऱ्यात सगळ्या चाव्या. पहिला त्या मुलीकडे, दुसरा लाखेची मोहोर लावून माझ्या लॉकरमध्ये. पासवर्ड बदलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी तो नवा लिफाफा घेऊन येतो. आम्ही बँकेत जातो, जुना काढतो, नवा ठेवतो, रजिस्टरवर सही करतो. जुना तो तिथेच फाडतो आणि तुकडे खिशात घालतो. मागच्या खेपेला लॉकरच्या बाईंनी विचारलं, ‘काका, दर वेळी एकच पाकीट? दागिने नाहीत?’ भाचा म्हणाला, ‘स्टॉक आहे.’